बारा इंची काचेची गुडगुडी: सांगलीत तपासली, नवख्यानं घ्यावी का?

विकणारे हिला ‘बीकर बाँग’ म्हणतात. आकार मात्र चंचुपात्राचा नाही, शाळेतल्या शंकुपात्राचा आहे. बूड पसरट, वर निमुळती होत गेलेली सरळ मान, आणि बुडाच्या थोडं वर ४५ अंशात बाहेर आलेलं एक तोंड. ‘बाँग’ हा शब्द थाई भाषेतून आला, तिकडं बांबूच्या नळीला तसं म्हणतात. आपल्याकडं पाण्यातून धूर ओढायच्या भांड्याला गुडगुडी हा शब्द आधीपासून आहे आणि या भांड्याचा आवाज ऐकला की तोच चपखल बसतो. म्हणून इथून पुढं गुडगुडीच.

तपासलेला नग असा: उंची १२ इंच, पारदर्शक बोरोसिलिकेट काच, बुडाचा व्यास साधारण साडेदहा सेंटिमीटर, निघणारी डाउनस्टेम (तिरक्या तोंडातून पाण्यात उतरणारी नळी), तिच्यावर बसणारा, निघणारा काचेचा बाउल (फुलं भरायची वाटी), मानेत बर्फ अडवायला तीन खळगे. आत दुसरं काही नाही. असल्या साध्या नगाला ऑनलाइन दीड ते अडीच हजार रुपये पडतात. आमचं मत आधीच सांगतो: काच चांगली, बाउल कामचलाऊ, पॅकिंग वाईट. तरीही पहिली गुडगुडी म्हणून हीच घ्यावी, कारण हिचा प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसतो आणि ब्रशनं धुता येतो.

कायद्याचं आधी बोलू. हे भांडं गांजा ओढायला वापरतात, आणि भारतात गांजा बेकायदा आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे, आणि ते पिकवणं, विकणं, बाळगणं, ओढणं हे सगळंच गुन्ह्यात येतं. गांजाच्या बाबतीत ‘अल्प प्रमाण’ म्हणजे एक किलोपर्यंत, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. तेवढं बाळगण्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. परसात झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत. गुन्ह्यात वापरलेलं भांडंही जप्त होतं. म्हणून सांगलीत काच, जॉइंट, गळती, पाणी आणि धुणं एवढंच तपासलं. ओढण्याबद्दल खाली जे लिहिलंय ते जिथं प्रौढांना परवानगी आहे तिथं राहणाऱ्यांसाठी. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून आणि जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून तशी परवानगी आहे, प्रमाणाच्या मर्यादेत. मिरज, इस्लामपूर, कराडकडची पोरं आता तिकडं शिकायला, नोकरीला असतात. तिथं अशी काच पहिल्यांदा हातात आली की पडणारे प्रश्न हेच असतात.

धुण्याची परीक्षा घ्यायला उदाचा धूर वापरला. ऊद पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो, आणि त्याचा काचेवर बसणारा पिवळट-काळा चिकट थर गांजाच्या राळेच्या जातीचाच असतो. ओढायला तोंड लावलं नाही. वरच्या तोंडात भोक पाडलेलं रबरी बूच, त्याला नळी, नळीला ५० मिलीची सिरिंज.

काच आणि जॉइंट

जाहिरातीत जाडी ७ मिलिमीटर लिहिली होती. कुपवाड एमआयडीसीत व्हर्निअर कुणाकडंही मिळतो. त्यानं मोजल्यावर मानेला ५ भरली, तोंडाच्या काठाला ७. विकणारे मोजतात ते तोंडाच्या काठालाच, कारण तिथं काच दुमडलेली असते. ५ मिलिमीटर पुरेशी आहे, नाराज व्हायचं कारण नाही. जाडीपेक्षा महत्त्वाचं ते बूड सपाट आहे का हे. फरशीवर ठेवून बोटानं हलवून बघा. डुगडुगली तर परत करा, कारण पुढं तीच पडणार आहे.

बोरोसिलिकेटमध्ये साधारण ८० टक्के सिलिका आणि १३ टक्क्यांच्या आसपास बोरिक ऑक्साइड असतं. त्यामुळं ती तापल्यावर साध्या खिडकीच्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशच पसरते आणि गरम-गारात सहज तडकत नाही. पण हा गुण काच नीट ‘अनील’ केली असेल, म्हणजे घडवल्यावर भट्टीत सावकाश थंड केली असेल, तरच उपयोगाचा. घाईनं थंड केलेल्या काचेत ताण उरतो, आणि तो सगळ्यात जास्त असतो जिथं ते तिरकं तोंड बुडाला जोडलंय तिथं. हा ताण घरीच बघता येतो. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, त्यापुढं गुडगुडी धरा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांना लावून, गॉगल हळूहळू फिरवत पडदा काळा होईपर्यंत बघा. पडदा काळा झाला की ताण असलेल्या जागी काच उजळ किंवा रंगीत पट्ट्यांची दिसते. या नगात जोडावर फिकट उजळ कडा दिसली, रंगीत पट्टे नव्हते. एवढं चालतं. इंद्रधनुष्य दिसलं तर तो नग कधीही आपोआप तडकू शकतो.

जॉइंटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवखे इथंच चुकतात. काचेवर काच बसते तिथं दोन्ही बाजू घासून धूसर केलेल्या असतात. विकणारे ‘१८’ आणि ‘१४’ म्हणतात, खरं माप १८.८ आणि १४.५ मिलिमीटर, उतार दहास एक. बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनी हे ओळखलं असेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्याला बी-१९ आणि बी-१४ म्हणतात तेच हे जॉइंट. लांबीत थोडा फरक असतो, उतार तोच. त्यामुळं सुट्टा भाग फुटला तर अख्खी गुडगुडी टाकायची गरज नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात बी-१९ चं बूचही मिळतं आणि ते पुढं धुताना फार कामाला येतं.

स्वस्त नगांत घासलेल्या जॉइंटऐवजी काळी रबरी रिंग असते. ते घेऊ नका. रबराला वास धरतो, अल्कोहोलनं ते फुगतं, आणि हवा कुठून शिरते ते सापडत नाही. ॲक्रिलिकची पारदर्शक नळी तर काचेसारखीच दिसते, पण अल्कोहोल लागलं की तिला बारीक भेगा पडतात. म्हणजे जी वस्तू धुवायलाच हवी ती धुताच येत नाही.

गळती तपासायला एक मिनिट लागतं. पाणी भरा, डाउनस्टेम बसवा, बाउलच्या जागी अंगठा गच्च दाबा आणि वरून हलकं ओढा. ओढ धरून राहिली पाहिजे. सुटली तर जॉइंट नीट बसत नाही. हा नग पास झाला.

पाणी किती आणि कसलं

धूर बाउलमधून डाउनस्टेमच्या आतून खाली जातो, टोकाच्या चिरांमधून बुडबुड्यांच्या रूपात पाण्यात सुटतो आणि वर मानेत साठतो. या डाउनस्टेमला सहा चिरा आहेत. पाणी इतकं हवं की सगळ्या चिरा बुडून वर एक ते दीड सेंटिमीटर राहील. या भांड्यात ते पाव लिटरच्या आसपास भरलं. त्याहून कमी असेल तर वरच्या चिरेतून धूर पाण्याला न शिवता निघतो आणि घसा पोळतो. जास्त असेल तर ओढायला जोर लागतो आणि पाणी उडून थेट तोंडात येतं. पाणी नेहमी वरच्या तोंडातून ओता, डाउनस्टेममधून नव्हे, नाहीतर बाउलचा जॉइंट ओला राहतो. मग रिकामा बाउल लावून एकदा कोरडं ओढून बघा. ओठांना थेंब लागला तर चमचाभर पाणी कमी करा, पुन्हा बघा. काळ्या मार्करनं बाहेरून रेघ मारून ठेवली की रोज मोजावं लागत नाही.

डाउनस्टेम बदलायची वेळ आली तर लांबी अशी काढा: तोंडातून सरबताची स्ट्रॉ तिरकी आत सरकवा, बुडाला टेकली की एक सेंटिमीटर मागं घ्या, आणि घासलेल्या भागाच्या खालच्या कडेला खूण करा. खुणेपासून टोकापर्यंतची लांबी म्हणजे तुमचं माप. डाउनस्टेम बुडाला टेकत असेल तर एक दिवस बाउल जरा जोरात बसवताना ती बूडच फोडते. या भांड्याच्या तुटण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि त्यात काचेचा काही दोष नसतो.

सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात बोअरचं पाणी जड आहे. द्राक्षबागायतदारांना ते सांगायला नको, ठिबकचे ड्रीपर चुन्यानं कसे चोंदतात ते त्यांना ठाऊक आहे. इथं तेच होतं. बोअरचं पाणी तीन दिवस ठेवल्यावर पाण्याच्या रेषेवर पांढरी कडा धरली आणि डाउनस्टेमच्या दोन चिरा अर्ध्या बुजल्या. आरओचं पाणी वापरलं तर काही झालं नाही. जर्मनीतही पुष्कळ शहरांत नळाचं पाणी जड असतं, तेव्हा तिथंही आरओसारखं क्षार काढलेलं पाणी बरं. पाण्यात लिंबू, गुलाबपाणी, सरबत, दारू असलं काही घालायचं नाही. साखरेवर बुरशी येते आणि दारूची वाफ थेट फुफ्फुसात जाते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. पाणी धूर गार करतं, राखेचे कण आणि डांबराचा (धुरातल्या चिकट टारचा) थोडा भाग अडवतं, पण धूर स्वच्छ करत नाही. कार्बन मोनॉक्साइड पाण्यातून तसाच पार होतो, डांबराचा बराच भाग बुडबुड्याच्या आत बसून वर येतो. गार धूर घशाला टोचत नाही म्हणून नवखा नकळत जास्त मोठा झुरका घेतो, आणि हाच या भांड्याचा खरा धोका आहे. चिलमीच्या बुडाला ओली छापी (फडकं) गुंडाळतात, तिचंही असंच: घशाला आराम, फुफ्फुसाला नाही. ‘पाण्याचं फिल्टर’ असं छापलेलं जाहिरातीचं वाक्य आम्ही या नगाच्या उणिवांतच धरतो.

ओढताना, जिथं परवानगी आहे तिथं

फुलं क्रशरमध्ये मध्यम भरड करा, चहापत्तीच्या मोठ्या दाण्याएवढी. रव्यासारखी बारीक केली तर बाउलच्या भोकातून खाली पाण्यात जातात आणि चिरा बुजवतात. गठ्ठे ठेवले तर वरून जळतात आणि आत कोरे राहतात. बाउलच्या भोकावर काचेची चांदणी किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी ठेवा. नगासोबत फुकट आलेली जाळी चमकदार जस्ताचा मुलामा दिल्यासारखी होती. ती फेकून द्या, जस्त तापलं की त्याचा धूर विषारी असतो. ॲल्युमिनियमच्या कागदाचा जुगाडही नको.

या बाउलमध्ये पाव ग्रॅमच्या वर मावतं. नवख्यानं ते भरायचंच नाही. ०.०५ ते ०.१ ग्रॅम, म्हणजे दोन बोटांत येणारी बारीक चिमूट, ही सुरुवात. त्यासाठी सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजावर जाऊ नका. कॅनडाच्या पाकिटावर टीएचसीचं, म्हणजे गांजात नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण छापलेलं असतं. २०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असेल तर ०.१ ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम. सगळं काही शरीरात जात नाही, बरंच जळून किंवा हवेत जातं, पण पहिल्या वेळेला तेवढंही जड पडू शकतं. कमी टीएचसीचं पाकीट निवडणं हाच शहाणपणा.

भरताना हलकं ठेवा, दाबू नका. बसून ओढा, उभ्यानं नको. ज्योत बाउलच्या एका कडेला क्षणभर लावा, सगळ्या पृष्ठभागावर फिरवू नका. ज्योत लागताच हळू ओढायला सुरुवात करा, बुडबुडे मोजता येतील इतकं हळू. मान अर्धी पांढरी झाली की लायटर बाजूला. मग बाउल वर उचला. बाहेरची हवा आत शिरते आणि साठलेला धूर एका छोट्या श्वासात निघतो. मान पूर्ण भरेपर्यंत ओढणं हे सरावलेल्यांचं काम, नवख्याला त्यानं खोकल्याची उबळ येते. धूर छातीत धरून ठेवायचा नाही. जास्त धरल्यानं नशा फारशी वाढत नाही, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र जास्त मुरतं. एक झुरका झाला की निदान अर्धा तास थांबा. अंमल काही मिनिटांत जाणवतो, पूर्ण चढायला अर्धा तास लागू शकतो आणि दोन ते चार तास, कधी सहा तासही टिकतो. घाबरल्यासारखं झालं, छाती धडधडली, तर खाली बसा, पाणी प्या, जवळच्या माणसाला सांगा. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर सरळ रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका.

तंबाखू मिसळायची नाही. युरोपात ती पद्धत सर्रास आहे, पण गुडगुडीच्या एका मोठ्या झुरक्यात निकोटिनचा दणका बसतो आणि सवय तंबाखूची लागते. गर्भारपण, दमा, हृदयाचा आजार, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असणं, वयानं लहान असणं, यातलं काहीही असेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. जर्मनीत रक्ताच्या सीरममधल्या टीएचसीची मर्यादा ३.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, आणि २१ वर्षांखालच्या आणि नव्या परवानाधारक चालकांना तेवढीही सूट नाही.

एकच तोंड चार जणांत फिरवणं टाळा. टीबी, सर्दी, ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू हे सगळं अशा संगतीनं फिरतं. फिरवायचंच असेल तर प्रत्येकानंतर अल्कोहोलनं पुसा आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा. ओल्या अल्कोहोलजवळ लायटर पेटवू नका.

धुणं

रोजचं काम सोपं आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. वापर झाला की पाणी ओतून टाका, संडासात, बेसिनमध्ये नव्हे, कारण तो वास बेसिनच्या सापळ्यात बसतो. कोमट पाण्यानं खळखळा, डाउनस्टेम आणि बाउल काढून वेगळे ठेवा, भांडं पालथं घाला. शिळं पाणी रात्रभर ठेवलं की काचेवर बुळबुळीत थर धरतो. तो जंतूंचा असतो आणि पुढच्या झुरक्याबरोबर त्याचे तुषार छातीत जातात. काच पारदर्शक घ्यायची ती यासाठीच. रंगीत, नक्षीदार काचेत हा थर दिसत नाही.

आठवड्याला एकदा अल्कोहोल आणि मीठ. लागणारं सामान: ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जाडं मीठ, बी-१९ चं बूच, दुधाच्या बाटलीचा ब्रश, परीक्षानळीचा बारीक ब्रश, झिपची पिशवी. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा ७० टक्क्यांचं. जास्त तीव्रतेचं प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळतं. फरक का पडतो? मीठ शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही, त्यामुळं त्याचे खडे शाबूत राहून काच घासतात. ७० टक्क्यांत तीस टक्के पाणी असतं, त्यात मिठाचा काही भाग विरघळतो आणि घासायला कमी उरतं. उदाच्या थरावर दोन्ही लावून बघितलं: ९९ टक्क्यांनी तीन मिनिटांच्या हलवण्यात काच लख्ख झाली, ७० टक्क्यांना दोन वेळा अर्धा-अर्धा तास भिजवावं लागलं. ७० टक्क्यांचंच असेल तर मिठाऐवजी चमचाभर कच्चे तांदूळ घाला, ते विरघळत नाहीत. घरातल्या तांब्या-सुरया आपण तांदळानंच खळबळतो, तीच रीत.

खिडकी उघडा, गॅस आणि देवघरातला दिवा विझवा. भांडं कोमट पाण्यानं विसळून पूर्ण निथळू द्या, कारण आत पाणी उरलं की अल्कोहोल पातळ होतं. तिरक्या तोंडाला बूच लावा. वरून ६० मिली अल्कोहोल आणि दोन मोठे चमचे मीठ घाला. वरचं तोंड तळहातानं नव्हे, प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेल्या फडक्याच्या बोळ्यानं बंद करा. अल्कोहोलनं हात कोरडे पडतात आणि निसटतात. दोन्ही हातांनी धरून, पलंगावर किंवा सतरंजीवर बसून, गोल गोल हलवा. ओट्याजवळ उभं राहून नव्हे, कारण ओल्या हातातून निसटली तर ओट्याची कडा तिला सोडत नाही. दोन-तीन मिनिटांत मीठ तपकिरी होतं. राळ जुनी असेल तर वीस मिनिटं तसंच ठेवा, पुन्हा हलवा. डाउनस्टेम आणि बाउल झिपच्या पिशवीत ३० मिली अल्कोहोल आणि चमचाभर मीठ घालून चोळा, मग बारीक ब्रश आरपार फिरवा. चिरांमध्ये दात कोरायच्या काडीनं, तारेनं कधीच नाही. तारेनं काचेवर चरा पडतो आणि पुढची भेग त्या चऱ्यातूनच निघते.

नंतर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, पुन्हा तीन-चार पाणी. वास घ्या. अल्कोहोलचा वास येत असेल तर अजून एक पाणी. मग रात्रभर पालथं. ओलसर अल्कोहोल आत असताना बाउलला ज्योत लावणं म्हणजे भडका.

पांढऱ्या चुन्यावर अल्कोहोलचा काही उपयोग नाही. त्याला आंबट लागतं. पाव लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, वीस मिनिटं ठेवा, ब्रश फिरवा. बोअरच्या पाण्यानं बुजलेल्या दोन्ही चिरा यानं मोकळ्या झाल्या. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरा व्हिनेगर. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच यांच्या वाटेला जाऊ नका, आणि ब्लीच तर आम्लात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळायचं नाहीच, विषारी वायू निघतो.

गरम पाण्याबद्दल: चहाचा कप हाताला सोसेल एवढं चालतं, उकळतं नको. बोरोसिलिकेट असली तरी जोडाच्या जागी जाडी एकसारखी नसते. डिसेंबरात महाबळेश्वर-पाचगणीला सकाळी काच बर्फासारखी गार असते, तीत आधणाचं पाणी ओतलं की टचकन आवाज येतो आणि मग करायला काही उरत नाही. बर्फाचे खळगे वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. शिवाय बर्फ वितळून पाणी रेघेच्या वर चढतं, म्हणून बर्फ घालायचा तर आधी पाणी थोडं कमी भरा. आमच्या मते नवख्यानं ते खळगे विसरून जावेत.

डाउनस्टेम अडकली तर

नीट धुतली नाही तर हे महिन्या-दोन महिन्यांत होणारच. राळ आणि चुना मिळून जॉइंटमध्ये सिमेंट तयार होतं. पिळून काढायला जाऊ नका, हाताच्या जोरानं नळी तुटते आणि तुटलेली काच तळव्यात जाते. भांडं आडवं करून जॉइंटच्या सांध्यावर अल्कोहोलचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरच्या भागावर कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळा. बाहेरची काच किंचित पसरते, आतली अजून गार असते, आणि पकड सुटते. मग जाड हातमोजे घालून सरळ रेषेत, अगदी थोडं थोडं हलवत बाहेर ओढा. तरी निघाली नाही तर पुन्हा अल्कोहोल, पुन्हा रात्र. व्हॅसलीन लावून ठेवायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका, तापलं की ते ओढलं जातं.

या नगाच्या उणिवा

पॅकिंग: बाउल आणि डाउनस्टेम एकाच पातळ फुग्याच्या कागदात गुंडाळलेले, भांड्याच्या आतच ठेवलेले. पहिला नग आला तेव्हा बाउलचं हँडल तुटलेलं होतं. विकणाऱ्यानं बदलून दिला, पण उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तेव्हा पार्सल उघडताना फोन चालू ठेवा. बाउल: भोक सहा मिलिमीटरचं, जाळीशिवाय निरुपयोगी. हँडल इतकं आखूड की उचलताना बोट तापलेल्या काचेला लागतं. वेगळा बाउल घेणार असाल तर १४.५ चा ‘मेल’ (म्हणजे आत बसणाऱ्या जॉइंटचा) घ्या, हँडल निदान दोन सेंटिमीटरचं. चिरा: कडा धारदार होत्या, ब्रशचे केस कापत होत्या. बारीक पॉलिश पेपर ओला करून दोन मिनिटं घासल्यावर ठीक झाल्या. घासताना पाणी सोडत राहा, काचेची कोरडी भुकटी नाकात जाता कामा नये.

हेच दुकान दुप्पट किमतीत आत ‘ट्री पर्क’ असलेला नग विकतं, काचेच्या आठ नळ्यांचं झाड आणि प्रत्येकीला चिरा. दिसायला सुंदर. पण त्यात ब्रश जात नाही, मिठाचे खडे चिरांत अडकतात, आणि आपल्याकडच्या पाण्यानं त्या आठवड्यात बुजतात. एक फांदी तुटली की अख्खं भांडं बाद, कारण ती सुट्टी मिळत नाही. पर्कमुळं धूर थोडा अधिक गार होतो, एवढाच फायदा. सहा महिने साधी गुडगुडी नियमानं धुतली असेल त्यानं मग विचार करावा.

ठेवायची जागा: खालचा कप्पा, भिंतीला लागून, दार बंद. डाउनस्टेम काढून फडक्यात. लहान मूल किंवा कुत्रं घरात असेल तर कुलूप. आतलं पाणी प्यायल्यानं दोघांनाही अपाय होतो, आणि फुलं तर त्यांच्या हाती लागता कामा नयेतच.

एक गोष्ट तिकडं राहणाऱ्यांसाठी. सुट्टीला गावी येताना वापरलेली गुडगुडी, बाउल किंवा क्रशर बॅगेत टाकून आणू नका. कितीही धुतली तरी जॉइंटच्या घासलेल्या भागात राळ उरते, क्रशरच्या दातांत भुकटी उरते, आणि विमानतळावर ती राळ म्हणजे बंदी असलेला पदार्थच. तिकडं कायदेशीर होतं हे इथं सांगून चालत नाही. निघण्याआधी धुऊन, कोरडी करून, तिथल्याच कपाटात ठेवा.